मुंबईतील क्रीडा मंडळांना खुले पत्र : मैदानी खेळांनाही आपल्या मैदानात जागा द्या

प्रति,
मुंबई शहर व मुंबई उपनगर जिल्ह्यांतील क्रीडा मंडळे, व्यायामशाळा, गोविंदा पथके आणि सार्वजनिक उत्सव मंडळे यांचे सर्व पदाधिकारी व कार्यकर्ते यांस

सप्रेम नमस्कार.

गिरणगावातील एका शाळेत मी बरीच वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि निवृत्तीनंतरही मैदानी स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो. धावणे, उड्या मारणे आणि फेकणे या मैदानी खेळांविषयीचे पत्र खरे तर महापालिकेला किंवा क्रीडा खात्याला लिहिण्याची रीत आहे. तशी पत्रे अनेकांनी लिहिली आहेत आणि ती लिहिली जावीतही. हे पत्र मात्र मी आपल्याला लिहीत आहे, कारण मुंबईत एखादा खेळ गल्लीपर्यंत पोहोचवण्याची ताकद कोणाकडे आहे, हे मी आयुष्यभर जवळून पाहिले आहे. लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी, नायगाव या भागांत कबड्डी रुजली ती मंडळांमुळे. कामावरून आलेल्या माणसांनी दिव्यांची सोय केली, वर्गणी काढली, मुलांना घरून बोलावून आणले, त्यांच्या आईवडिलांना समजावले आणि सामना हरलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभे केले. हेच काम मैदानी खेळांसाठी मुंबईत जवळजवळ कोणीच करत नाही. ते आपण हाती घ्यावे, आठवड्यातून निदान दोन वेळा आपल्या वस्तीतल्या मुलामुलींसाठी धावण्याचा, उड्यांचा आणि फेकीचा सराव सुरू करावा, एवढी एकच विनंती या पत्रात आहे.

आज मुंबईतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मैदानी खेळ शिकायचा असेल तर काय करावे लागते, ते आपण पाहू. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात सिंथेटिक ट्रॅक आहे, कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात आहे, आणि मरीन लाइन्सला विद्यापीठाचे मैदान आहे. ही ठिकाणे चांगली आहेत आणि तिथे मनापासून काम करणारे प्रशिक्षकही आहेत. पण गोवंडीच्या मुलीने शाळा सुटल्यावर कुर्ला आणि दादर अशा दोन ठिकाणी गाडी बदलून, संध्याकाळच्या गर्दीतून कांदिवली गाठायची, दीड तास सराव करायचा आणि तसेच परतायचे, हे आठवड्यातून एकदाही शक्य नाही, मग चार-पाचदा कुठून होणार? ज्यांचे घर ट्रॅकच्या जवळ आहे किंवा ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांच्यासाठीच हा खेळ उरतो. बाकीच्यांसाठी उरतात त्या शाळेच्या स्पर्धा. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक आले की शाळेत निवड होते, कसाबसा आठवडा-पंधरवडा सराव होतो, मुले जिल्हास्पर्धेला जातात, आणि त्यानंतर पुढच्या वर्षीपर्यंत कोणी त्यांना ‘धाव’ म्हणत नाही. मी स्वतः हेच वेळापत्रक राबवले आहे, आणि एका क्रीडाशिक्षकाच्या वाट्याला इतके वर्ग व इतकी इतर कामे असतात की शाळेकडून यापेक्षा फार अपेक्षा करणे रास्तही नाही.

याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. शिवडीची एक मुलगी शाळेच्या क्रीडामहोत्सवात अनवाणी धावून शंभर मीटरमध्ये सहज पहिली आली. तिची ढांग लांब होती आणि खांदे सैल राहत असत, जे शिकवून लवकर येत नाही. जिल्हास्पर्धेच्या सकाळी तिच्यासमोर स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय रोवण्याची दोन पेडलांची चौकट, आला. तो तिने त्याआधी कधीही पाहिलेला नव्हता. शेजारच्या लेनमधली मुलगी पाऊल पुढेमागे ठेवून रेषेपासूनचे अंतर मोजत होती, पेडल उचलून पुन्हा खाचेत बसवत होती, आणि ही मात्र कुठला पाय पुढे ठेवायचा ते तिच्याकडे बघून ठरवत होती. बंदूक वाजली तेव्हा हिचा मागचा पाय पेडलवरून सटकला. पुढच्या साठ-सत्तर मीटरांत तिने तीन मुलींना गाठले, पण अंतिम फेरी हुकली. ब्लॉक लावणे आणि त्यातून उठणे ही एका दुपारी शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे आणि पुढच्या महिनाभरात ती अंगात मुरते. घराजवळच्या मैदानात कोणी तिला ती शिकवली असती, तर त्या सकाळी ती कितव्या क्रमांकावर आली असती, हा प्रश्न मला अजूनही पडतो. दहावीनंतर तिने धावणे सोडले.

मैदानी खेळ हे आपले काम नव्हे, असे काही मंडळांना वाटेल. त्यांना एक जुना दाखला द्यावासा वाटतो. भारताचा संघ १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला, त्याची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर झाली. जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या सर दोराबजी टाटा यांनी तिथल्या स्पर्धेत खेड्यांतून आलेले धावपटू अनवाणी धावताना पाहिले, त्यांच्या वेळा पाहिल्या, आणि ही माणसे जगाबरोबर धावू शकतील असे त्यांना वाटले. त्या संघातले फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. म्हणजे या देशातल्या ऑलिंपिकच्या वाटचालीची सुरुवातच एका स्थानिक क्रीडासंस्थेने भरवलेल्या स्पर्धेतून झाली आहे. मुंबईचा स्वतःचा वारसाही मोठा आहे. दिल्लीत १९५१ साली भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी मिळवली. वांद्र्याच्या मेरी डिसोझा १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये धावल्या. अलीकडे मुंबईचीच ऐश्वर्या मिश्रा २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या ४ × ४०० मीटर रिले संघात होती. पण महाराष्ट्रातून आज जी नावे पुढे येतात ती बहुतेक मुंबईबाहेरची आहेत. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली आणि उंच उडी मारणारा सर्वेश कुशारे नाशिक जिल्ह्यातला. त्या दुष्काळी तालुक्यांतून रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावणारी ललिता तयार होते आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचे रौप्यपदक मिळवणारा अविनाश तयार होतो, तर दीड कोटीच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात धावणारी मुले नसतील हे संभवतच नाही. ती आहेत, आणि आपल्या गल्लीत आहेत.

त्यांच्यातली काही तर आपल्याला रोज दिसतात. पहाटे कोणत्याही मोठ्या मैदानावर गेलात तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली फेऱ्या मारताना दिसतील. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० मीटरऐवजी ८०० मीटर, बाकी तसेच. या तिन्ही गोष्टी शुद्ध मैदानी खेळ आहेत. पण ही मुले बहुधा एकेकटी, कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय, दगडासारखा गोळा खांद्यावरून भिरकावत सराव करतात आणि खांदा किंवा कोपर दुखावून घेतात. गोळा हा फेकायचा नसून मानेजवळून ढकलायचा असतो, आणि त्याची ताकद हातातून येत नाही, पायांतून आणि कमरेच्या वळण्यातून येते, एवढे जरी कोणी सांगितले तरी अंतर वाढते. आपल्या मंडळाने सराव सुरू करायचे ठरवले तर पहिल्या दिवशी मैदानात उभी राहायला ही मुले तयारच आहेत. त्यांच्यामुळे लहान मुलांना धावायला सोबत मिळेल, आणि भरतीत मिळालेल्या यशामुळे वस्तीतल्या आईवडिलांचा या खेळावर विश्वास बसेल. नोकरीचा विषय काढणे काहींना खेळाच्या दृष्टीने कमीपणाचे वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या घरात महिन्याचा पगार हाच मोठा प्रश्न आहे, त्या घराला शासकीय नोकऱ्यांतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण माहीत असणे गरजेचे आहे.

आता मैदानाचा प्रश्न. ‘आमच्याकडे ट्रॅक कुठे आहे’ ही अडचण मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळते. सुरुवातीला सिंथेटिक ट्रॅकची गरज नसते. सपाट माती किंवा गवत, सुतळी, दोन खुंट्या, मोजपट्टी आणि फक्कीची (रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीची) दोन पोती एवढ्यावर दोनशे मीटरचा ट्रॅक आखता येतो, आणि तो कसा आखायचा ते मी इथे मुद्दाम तपशिलाने लिहितो, म्हणजे कोणालाही करून पाहता येईल. मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एकमेकींपासून ४० मीटरवर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला १८.९० मीटर लांबीची सुतळी बांधून बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळ फिरवा, आणि दोन्ही अर्धवर्तुळांची टोके सरळ रेषांनी जोडा. ही आतली रेषा झाली. धावणारा रेषेला चिकटून धावत नाही, म्हणून आतल्या कडेला उंच कठडा नसलेल्या ट्रॅकवर अंतर या रेषेच्या २० सेंटीमीटर बाहेर मोजतात. तिथे त्रिज्या १९.१० मीटर होते, दोन्ही वळणे मिळून १२० मीटर आणि दोन सरळ भाग मिळून ८० मीटर, असे बरोबर २०० मीटर होतात. पुढची प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंदीची. चार लेन आखल्या तर सगळा ट्रॅक सुमारे ८८ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद होतो, म्हणजे फुटबॉलच्या साधारण मैदानात तो बसतो. पूर्ण एका फेरीची शर्यत लेनमधून घ्यायची असेल तर दुसऱ्या लेनची सुरुवातीची रेषा पहिलीच्या ७.६७ मीटर पुढे, तिसरीची आणखी तितकीच पुढे, अशी सरकवावी लागते, कारण बाहेरच्या वळणावर अंतर जास्त भरते. हे गणित मी सातवीतल्या मुलांकडून मैदानावर करून घेत असे. परीघाचे सूत्र फळ्यावर ज्यांना कळत नसे, त्यांना ते सुतळी हातात धरून कळायचे.

मैदान याहून लहान असेल, आणि मुंबईत बहुतेक ते असतेच, तर वळणे सोडून द्यावीत आणि साठ मीटरच्या चार सरळ लेन आखाव्यात. बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना याहून लांब वेगवान धाव फारशी लागतही नाही. शेवटच्या रेषेपुढे थांबायला पंधरा-वीस मीटर मोकळी जागा मात्र असलीच पाहिजे. कुंपणाच्या भिंतीवर किंवा मैदानाकडेला लावलेल्या मोटारसायकलींवर मुले आदळताना मी पाहिली आहेत.

लांब उडीसाठी वाळूचा खड्डा किमान पावणेतीन मीटर रुंद लागतो. एकदा तो खणला की खरे काम त्याच्या निगराणीचे असते. दर वेळी सरावाआधी फावड्याने वाळू उकरून सैल करावी, हाताने चाचपून काचा-खिळे काढावेत, सराव संपला की ताडपत्री टाकावी, नाहीतर कुत्री-मांजरे तो खड्डा लगेच आपला करून घेतात. गोळाफेकीचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे असते. गोळा पडण्याच्या क्षेत्राच्या दोन रेषा आखायची सोपी युक्ती अशी की वर्तुळाच्या मध्यापासून दहा मीटरवर त्या दोन रेषांमधले अंतर सहा मीटर ठेवायचे, वीस मीटरवर बारा. या क्षेत्रात गोळा फेकला जात असताना कोणीही चालत जाणार नाही, याकडे पाहायला एक मोठा माणूस सतत उभा हवा. भालाफेक आणि थाळीफेक यांच्याबद्दल माझे मत ठाम आहे. ज्या मैदानात एकाच वेळी क्रिकेट चालते, आजोबा फेऱ्या मारतात आणि लहान मुले पतंगामागे धावतात, तिथे या दोन फेकी करूच नयेत, कितीही अनुभवी माणूस सोबत असला तरी. नीरज चोप्राच्या टोकियोतल्या सुवर्णपदकानंतर मुलांना भाल्याचे वेड लागले आहे हे खरे आहे आणि आनंदाचेही आहे. पण त्यांना आधी चेंडूफेक शिकवावी, डोक्यावरून मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) फेकायला लावावा, आणि जे खरोखर पुढे जातील त्यांना कुंपण असलेल्या ट्रॅकवर महिन्यातून एक-दोनदा घेऊन जावे.

प्रशिक्षक कोण, असाही प्रश्न येईल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेला प्रशिक्षक मिळाला तर उत्तमच, पण त्याच्यासाठी थांबून राहू नये. आपल्याच चाळीत आणि इमारतीत रेल्वे, पोलीस, बँका आणि जुन्या कापड गिरण्यांकडून कधीकाळी धावलेले, उड्या मारलेले लोक राहतात. बहुतेकांना कोणी विचारतच नाही. त्यांना विचारा. माझा अनुभव असा की असा एक माणूस मैदानावर येऊन उभा राहिला की मुलांच्या चालण्यात फरक पडतो.

मैदान वाटून घेणे हे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते मंडळांखेरीज दुसऱ्या कोणाला जमेल असे मला वाटत नाही. शनिवार-रविवार क्रिकेटचे असतात आणि ते बदलणार नाहीत. बदलावेत असे मला वाटतही नाही. या शहराला क्रिकेटने खूप दिले आहे. पण मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते सात एवढा वेळ, आणि एखाद्या दिवशी सकाळी साडेसहा ते आठ, एवढे ठरवून घेता येते. महापालिकेच्या मैदानासाठी विभाग कार्यालयात रीतसर अर्ज करावा लागतो, आणि वेळ मिळाल्यावर ती लेखी लावून ठेवावी लागते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पावसाळ्यात मैदाने चिखलाची होतात. त्या चार महिन्यांत शाळेचे सभागृह किंवा व्यायामशाळेची जागा वापरून उड्यांचे, तोल सांभाळण्याचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम करता येतात. ज्या मुलांचा थर लावण्याचा सराव त्याच काळात चालतो, त्यांच्या पायांना आणि पाठीला याचा फायदाच होईल.

मुलींविषयी वेगळे लिहायलाच हवे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदानावरून मुली नाहीशा होऊ लागतात, हे मी प्रत्येक तुकडीत पाहिले. कारणे कोणी बोलून दाखवत नाही, पण ती साधी असतात. मैदानाजवळ स्वच्छ शौचालय नसते, कपडे बदलायला जागा नसते, सराव संपेपर्यंत अंधार होतो, कठड्यावर बसलेले टोळके शेरे मारते, आणि शिकवणारे सगळे पुरुष असतात. यातली एकही अडचण अशी नाही जी वस्तीतले मंडळ सोडवू शकत नाही. मैदानालगतच्या इमारतीतल्या एखाद्या घराचे किंवा मंडळाच्या कार्यालयाचे दार त्या दीड तासासाठी मुलींना उघडे ठेवता येते. सराव चालू असताना एक तरी महिला कार्यकर्ती मैदानावर हजर राहील, हे नियमाने ठरवता येते. ती स्वतः धावलेली असण्याची गरज नाही, तिचे तिथे असणे पुरेसे आहे. कठड्यावरच्या टोळक्याला गप्प करायला मंडळाच्या अध्यक्षांचा एक शब्द पुरतो, आणि तो शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी उच्चारावा. अंधाराच्या वेळी मुलींना त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडण्याची जबाबदारीही ठरवून द्यावी. एवढे झाले तर ज्या आयांनी स्वतः कधी मैदानात पाऊल टाकले नाही, त्याही मुलींना पाठवतात, हे मी पाहिले आहे.

ज्यांना स्वतः धावायचे नाही त्यांच्यासाठीही या खेळात भरपूर काम आहे, आणि माझ्या मते मंडळांतल्या तिशी-चाळिशीच्या कार्यकर्त्यांसाठी ते सर्वांत योग्य काम आहे. जिल्हास्तरीय स्पर्धांना पंच, वेळाधिकारी, मोजमाप करणारे आणि नोंदणी सांभाळणारे लोक नेहमीच कमी पडतात. हे काम शिकण्यासारखे आहे. हाताच्या घड्याळाने वेळ घेताना वेळाधिकारी शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि बंदुकीचा आवाज ऐकून नव्हे, तर तिचा धूर किंवा ठिणगी पाहून घड्याळ सुरू करतो, कारण शंभर मीटर अंतर कापायला आवाजाला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात शर्यतीचा निकाल उलटा होतो. एका धावपटूवर तीन घड्याळे असली आणि तिन्ही वेगळी वेळ दाखवत असली तर मधली वेळ धरतात; दोन सारखी असली तर ती धरतात. लांब उडी मोजताना वाळूतली, उडी घेण्याच्या फळीच्या रेषेला सर्वांत जवळची खूण शोधायची असते, मग ती पायाची असो वा मागे टेकलेल्या हाताची, आणि तिथून रेषेपर्यंत काटकोनात मोजायचे असते. असे काम नीट येणारी चार माणसे जरी एका मंडळात तयार झाली, तरी त्या मंडळाला स्वतःची स्पर्धा भरवता येते आणि जिल्हा संघटनेलाही हातभार लागतो. आजोबा-आजी, वडील, काका, ज्यांना संध्याकाळी मोकळा वेळ असतो, त्यांना यात ओढावे. आपल्या नातवाची वेळ स्वतः घेणारा आजोबा पुढच्या सरावाला कधी चुकत नाही.

स्पर्धेसंबंधी मला एक सुचवायचे आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. मंडळांनी आपापसांत रिले शर्यती सुरू कराव्यात. मैदानी खेळ एकट्याचा असतो, म्हणून त्यात मंडळाला आपले नाव लावण्यासारखे काय, असे वाटते. रिलेमध्ये तसे नाही. चार मुले, हातोहात पुढे द्यायची एक कांडी म्हणजे बॅटन, आणि छातीवर मंडळाचे नाव. दोनशे मीटरच्या गवती ट्रॅकवर ४ × ५० मीटरची शर्यत उत्तम होते, आणि तिच्यात सर्वांत वेगवान चार मुले असलेला संघच जिंकतो असे मुळीच नाही. बॅटन देणारा आणि घेणारा यांच्या वेगाचा मेळ बसला नाही तर चांगला संघ मागे पडतो, आणि सरावाने तो मेळ बसवलेली साधी मुले पुढे जातात. घेणाऱ्याने मागे वळून न पाहता, देणारा एका ठरलेल्या खुणेवर आला की पळत सुटायचे आणि हात मागे स्थिर धरायचा, यासाठी जो विश्वास लागतो तो एकाच वस्तीत एकत्र वाढलेल्या मुलांत असतो. कबड्डीत साखळी धरणाऱ्या मुलांना तो शिकवावा लागणार नाही. लालबागच्या एका मंडळाचा संघ आणि वरळीच्या एका मंडळाचा संघ शेवटच्या टप्प्यात शेजारी शेजारी धावत आहेत आणि दोन्ही बाजूंनी वस्ती ओरडते आहे, असे दृश्य या शहरात दिसले तर मैदानी खेळांना प्रेक्षक नाहीत ही तक्रार कोणी करणार नाही. थंडीचे दिवस यासाठी उत्तम. जानेवारीत मुंबईत २००४ सालापासून मॅरेथॉन होते, हजारो लोक रस्त्यावर येतात आणि धावण्याचा विषय त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनाला जोडून मंडळांची रिले स्पर्धा भरवता येईल.

दोन व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. आपले मंडळ कोणत्या जिल्ह्यात येते ते आधी नीट पाहावे, कारण माहीम आणि शीवपर्यंतचा भाग मुंबई शहर जिल्ह्यात आणि त्यापुढचा उपनगर जिल्ह्यात येतो, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या निवड स्पर्धा वेगळ्या होतात. चुकीच्या जिल्ह्यात नाव नोंदवले गेले तर मुलाचे अख्खे वर्ष वाया जाते. दुसरे, प्रत्येक मुलाच्या जन्मदाखल्याची खरी प्रत मंडळाकडे असावी, आणि वय कमी दाखवून मुलाला खालच्या गटात उतरवण्याचा आग्रह पालकांनी किंवा कोणा ‘हितचिंतकाने’ धरला तर मंडळाने सरळ नकार द्यावा. ज्या मुलाला चौदा वर्षांखालील गटात सोळाव्या वर्षी पदक मिळते, तो अठराव्या वर्षी आपल्या खऱ्या वयाच्या मुलांपुढे टिकत नाही, आणि त्याच्यामुळे एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा गेलेली असते. ताकद वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांबाबतही हाच कडकपणा ठेवावा. व्यायामशाळांमध्ये त्या किती सहज मिळतात हे आपण जाणताच.

खर्चाचे म्हणाल तर एक लांब मोजपट्टी, दोन-तीन स्टॉपवॉच, प्लास्टिकचे कोन, बॅटनचा एक संच, वेगवेगळ्या वजनांचे दोन-तीन गोळे, फावडे, ताडपत्री आणि प्रथमोपचाराची पेटी एवढ्यावर पहिले वर्ष निघते. उत्सवातल्या एका संध्याकाळच्या ध्वनिक्षेपकाचे भाडे ज्या मंडळाला झेपते, त्याला हा खर्च जड नाही. वर्गणी देणाऱ्या लोकांनाही आपले पैसे गल्लीतल्या मुलांच्या धावण्यावर खर्च झालेले आवडतील, अशी माझी खात्री आहे.

दिवाळीनंतर मैदाने वाळतात आणि शाळांच्या परीक्षांना वेळ असतो, म्हणून सुरुवात करायला नोव्हेंबरचा महिना मला सर्वांत योग्य वाटतो. ज्या मंडळाला पहिल्यांदा मैदान आखून हवे असेल, त्याने जिल्हास्पर्धेच्या दिवशी पंचांच्या मेजाशी येऊन आम्हाला भेटावे. मी आणि माझे काही जुने सहकारी त्यांच्याकडे रविवारी सकाळी क्रिकेट सुरू होण्याआधी येऊ. सुतळी, खुंट्या आणि मोजपट्टी आम्ही आणू. फक्की मंडळाने आणून ठेवावी, आणि आखणी शिकून घ्यायला चार मुले व चार मुली हजर ठेवाव्यात.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक व मैदानी स्पर्धांचा पंच
परळ, मुंबई